शाडूची गोणी आधी घरी आणा

प्रश्न : मुलीला दहावीत 91 टक्के आहेत. आम्ही नागपुरात राहतो. पोट्टी हुशार आहे, पण तिला माणसांचे पुतळे करायचेत. तीन महिन्यांपासून आजीचाच चेहरा मातीत करते आणि मोडते. मधे आजीनं कवळी काढली, तर आठ दिवसांचं काम मोडून पुन्हा पहिल्यापासून! चिकाटीच नाही. जेईईचा क्लास लावलाय, म्हणून शाडूची गोणी एका मूर्तिकाराला देऊन टाकली. आता तर मशीन फोटोवरून पुतळा काढते. शिकून-सवरून ही चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत बसणार का? मधला मार्ग म्हणून आर्किटेक्चर कसं राहील?
– एक वडील

नमस्कार. आर्किटेक्चरचं नंतर बघू. मी अडकले ती गोणीपाशी. तुम्ही ती मुलीच्या भल्यासाठीच दिलीत, याबद्दल मला शंका नाही. पण या वयाच्या मुलीचं काम तिला न विचारता घराबाहेर गेलं, तर ती त्यामुळे गणिताकडे वळत नाही, घरात बोलणं कमी करते. तुमच्या पत्रात आजी आहे, कवळी आहे, क्लास आहे. गोणी गेल्यावर मुलगी काय म्हणाली, ते मात्र कुठेच नाही. ती गप्प बसली असेल, तर त्याला होकार समजू नका.

आता कवळीबद्दल. तुमची ती तक्रार आहे, आणि मला पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच वाटलं. तोंडात दात नसले की खालचा जबडा जास्त वर मिटतो. नाक आणि हनुवटी यांच्यातलं अंतर कमी होतं, ओठ आत वळतात, हनुवटी पुढे येते, गाल खोल जातात. नवखा माणूस अशा वेळी ओठांभोवती चार सुरकुत्या जास्त ओढून मोकळा होतो. तुमच्या मुलीनं ओळखलं की बदल आतल्या हाडाच्या ठेवणीत झालाय, वरवरच्या डागडुजीनं तो साधणार नाही. म्हणून तिनं चेहरा मुळापासून घेतला. नजर अशी घडत असते. एकच चेहरा तीन महिने पुन्हा पुन्हा करणाऱ्या मुलीला चिकाटी नाही, हे मला अजिबात पटत नाही. आणि मोडलेला शाडू वाया जात नाही. भिजवला, मळला की पुन्हा कामाला येतो.

चितार ओळीबद्दल तुम्ही ज्या सुरात लिहिलंय, तो मला खटकला. नागपूरच्या महाल भागातल्या त्या ओळीत पिढ्यान्‌पिढ्या गणपती घडताहेत. सांगाड्यावर माती कशी चढवायची, ती तडकू नये म्हणून काय करायचं, ओलं फडकं किती वेळ ठेवायचं, हे तिथल्या कारागिराला विचारून बघा. संथाळ कुटुंबाचं 1938 चं मोठं शिल्प करणारे रामकिंकर बैज लहानपणी बंगालमधल्या बांकुड्यात मूर्तिकारांचं काम बघत शिकले. सरदार पटेलांचा 'स्टॅच्यू ऑफ युनिटी' घडवणारे राम सुतार म्हणजे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या सुताराचा मुलगा. गणपतीच्या आधीचे दोन महिने चितार ओळीत मदतीला बसायला मिळालं, तर तुमच्या मुलीचं नशीबच म्हणा.

मशीनचा गैरसमज बऱ्याच पालकांना असतो. हो, लहान नमुना स्कॅन करून त्याचा वीस फुटी पुतळा काढायला आज यंत्रं वापरतात, आणि त्यानं मेहनत वाचते. पण हुबेहूबपणा म्हणजे शिल्प नव्हे. 1877 मध्ये फ्रेंच शिल्पकार रोदँच्या एका पुरुषाकृतीवर आरोप झाला की याने जिवंत माणसाच्या अंगावरूनच साचा काढलाय. शिल्पकाराला तो अपमान वाटला, कारण साच्यातून कातडी उतरते. माणूस कसा उभा आहे ते उतरत नाही. गणपतराव म्हात्र्यांची 'मंदिरपथगामिनी', म्हणजे देवळाकडे निघालेली तरुणी बघा, फोटोत का होईना. त्यांनी ती विद्यार्थी असताना केली. नऊवारीच्या चुण्यांमधूनही शरीराचा भार कुठल्या पायावर आहे ते कळतं. किंवा तिला रामटेकला घेऊन जा. गडावरच्या केवल नरसिंह मंदिरात वाकाटक राजांच्या काळातली, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची नरसिंहाची बसलेली मूर्ती आहे. एवढ्या मोठ्या देहाचं वजन जमिनीवर कसं टेकवलंय, ते तिला तासभर बघू द्या. घाई करू नका.

पैशांबद्दल खोटा दिलासा देणार नाही. मिळकत अनियमित असते आणि सुरुवातीची वर्षं ओढाताणीची जातात. पुतळ्यांची कामं, सिनेमाचे सेट, संग्रहालयं, कलाशिक्षण, गेमसाठी पात्रं घडवणं, असं जोडून-जोडून घर चालतं. महाराष्ट्रात सार्वजनिक जागी पुतळा बसवायचा तर आधी मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. म्हणजे या कामात कागदपत्रं, हिशेब आणि करारही आले. तिचं गणित चांगलं असेल, तर ते इथंही उपयोगी पडेल.

आर्किटेक्चर हा स्वतंत्र व्यवसाय आहे. इमारतींची ओढ नसलेल्या मुलीला तडजोड म्हणून तिकडे ढकलू नका. पाच वर्षं जातील आणि ती दोन्हीकडून तुटेल. जेईई तिला स्वतःला द्यायची असेल, तर खुशाल देऊ द्या.

बीएफए या कलेच्या पदवीला कुठल्याही शाखेची बारावी चालते, त्यामुळे अकरावीवरून घरात भांडण नको. चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा राहिली असेल तर द्यावी. बारावीनंतर कलेच्या पदवीसाठी राज्याची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे. सगळ्याच कला महाविद्यालयांत शिल्पकला हा विषय नसतो, म्हणून फॉर्म भरण्याआधी चौकशी करा. मुंबईचं जे.जे., बडोदा आणि शांतिनिकेतन इथं तो आहे. मुलगी नागपूरबाहेर जाणार, हे आत्ताच मनाशी धरा आणि खर्चाचा अंदाज तिच्यासमोर बसूनच काढा.

यापुढे प्रत्येक चेहरा मोडण्याआधी समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून फोटो काढून एका वहीत लावायला सांगा, तारखेसकट. कवळीआधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही चेहरे शेजारी ठेवता आले असते, तर कुठल्याही शिक्षकानं त्या पानावर थांबून तिला प्रश्न विचारले असते. पहिला आता गेला. दुसऱ्यासाठी आजी अजून बसायला तयार आहेत का, ते विचारून घ्या.