‘फायनल पास’ म्हणजे मॅट्रिक नव्हे

प्रश्न असा आहे : धुळ्याकडच्या जुन्या कागदात पणजोबांच्या नावापुढे ‘व्ह. फा. पास’ लिहिलंय, म्हणजे ते मॅट्रिक होते का? आणि त्यातल्या ‘व्हर्नाक्युलर’ या इंग्रजी शब्दाला मराठीत मातृभाषा म्हणावं का?

मॅट्रिक नाही. व्ह. फा. म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, मराठी शाळेच्या सातवीची परीक्षा. बोलताना लोक नुसतं ‘फायनल झालेला’ म्हणत. इंग्रजी शाळेची वाट निराळी. मराठी चौथीनंतर पोरगा तिकडे गेला की इयत्ता पुन्हा ‘इंग्रजी पहिली’पासून मोजत, इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक, आजच्या हिशेबाने अकरावी. तेव्हा कुठे ‘इंग्रजी तिसरी’ दिसली तर ती आजची सातवी समजा. फायनल झालेला माणूस मराठी शाळेत मास्तर होऊ शकत असे. त्याला ‘मॅट्रिकपर्यंत न पोचलेला’ ठरवणं मला अन्यायाचं वाटतं, कारण तो त्या वाटेवर चालतच नव्हता.

या दोन वाटा धोरणातून पडल्या. कंपनी सरकारातल्या मेकॉलेने 1835 मध्ये शिक्षणासाठी इंग्रजीची बाजू घेतली खरी, पण मुंबई इलाख्यात गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळापासून देशी भाषांतल्या शिक्षणाची घडी बसत होती. 1840 च्या दशकात इलाख्याच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष पेरी इंग्रजीसाठी, तर त्याच मंडळातले जगन्नाथ शंकरशेट आणि जर्व्हिस देशी भाषांसाठी हट्टाने भांडले. 1854 च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक आदेशपत्राने, दोन्ही ठेवलं : खालचं शिक्षण देशी भाषेत, वरचं इंग्रजीत.

आता मातृभाषेचं. पुण्यात हा शब्द कदाचित चालून जाईल, खानदेशात नाही. इथे घराघरांत अहिराणी, लेवा गणबोली, भिली. घरी ‘माले’ म्हणणाऱ्या पोराने शाळेत ‘मला’ म्हणायचं, ‘घरमा’ सोडून ‘घरात’ लिहायचं, आणि ‘काय करी ऱ्हायना’ला (काय करतोय) पुस्तकात थाराच नाही. व्हर्नाक्युलर म्हणून जी मराठी त्याच्यापुढे आली, तीही शिकूनच घ्यावी लागली. गंमत नव्हे, खेद वाटावा अशी गोष्ट म्हणजे सरकारलाही हा फरक ठाऊक होता : ग्रिअर्सनने केलेल्या सरकारी भाषा-सर्वेक्षणात ‘खानदेशी’ ही बोली मराठीच्या खंडात नाही, 1907 च्या वेगळ्या भागात भिली बोलींसोबत आहे.

तेव्हा खानदेशापुरतं तरी ‘व्हर्नाक्युलर’ला ‘देशी भाषा’ असंच लिहावं.