खोडव्यातील पाचट आणि बांधावरची आग

प्रश्न (वाळवा तालुका): लागणीचा ऊस तुटला असून खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारे पीक) ठेवायचा आहे. पाचट (उसाची वाळलेली पाने) पेटवले तर चालेल का?
प्रश्न (पाटण तालुका): डोंगराकडेच्या बांधावरचे वाळलेले गवत जाळताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर: पाचट पेटवू नये. एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट निघते आणि ते पेटवल्यास त्यातील सेंद्रिय कर्ब व बहुतेक नत्र धुरावाटे निघून जाते. त्याऐवजी बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटून त्यांवर १० लिटर पाण्यात १० ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मिसळून फवारावे, पाचट सरीत दाबावे आणि त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. पाचटामुळे पाणी पुढे सरकत नाही, ही तक्रार पहिल्या पाण्यापुरती खरी आहे. पाचट ओले होऊन बसले की ती फारशी राहत नाही.

शेत स्वतःचे असले तरी आगीची जबाबदारी बांधापाशी संपत नाही. आगीबाबत निष्काळजीपणा करून दुसऱ्याच्या जीवितास धोका निर्माण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पाटणच्या शेतकऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे, की राखीव वनाला धोका पोहोचेल अशी आग लावणे किंवा ती पेटती सोडून जाणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे वनाला लागून असलेल्या बांधावरचे गवत कापूनच काढावे. गवत जाळले की पुढच्या वर्षी चांगले फुटते, या समजुतीपायी वणवा ओढवून घेऊ नये.

काणी हा बुरशीजन्य रोग लागलेली उसाची बेटे मात्र मुळासकट उपटून जाळावी लागतात. त्यासाठी उभ्या पिकापासून, गंजीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर मोकळी जागा निवडावी, भोवतीचे गवत खरवडून माती उघडी करावी आणि ठिबकच्या नळ्या आधीच गुंडाळून ठेवाव्यात. धुके विरल्यावर, पण दुपारचा वारा सुटण्यापूर्वी, मूठभर कोरडी माती हातातून सोडून पाहावी. ती तिरकी उडाली तर त्या दिवशी काडी ओढू नये. ढीग लहान ठेवावा, पाण्याने भरलेला फवारणी पंप व फावडे हाताशी असावे आणि शेजाऱ्याला आधी सांगावे. औषधांच्या बाटल्या व मल्चिंगचा कागद त्यात टाकू नये, कारण त्यांचा धूर विषारी असतो.

आग हाताबाहेर जाते असे दिसताच माणसे बाजूला करून १०१ किंवा ११२ वर फोन करावा. विझलेली वाटणारी राख फावड्याने उलटून पाणी मारावे आणि तळहाताची मागची बाजू तिच्याजवळ धरावी. ऊब लागली तर पुन्हा पाणी मारून तिथेच थांबावे.