पुनर्रचना, परिसीमन की मोडतोड?

ह्यूस्टनला राहणाऱ्या एका वाचकाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघांच्या रेषा बदलण्यावरून टेक्सासच्या विधिमंडळात 2025च्या उन्हाळ्यात जे रण माजले, त्याच्या मराठी बातम्यांत कुठे 'मतदारसंघ पुनर्रचना', कुठे 'परिसीमन', तर कुठे 'सीमांकन' असे छापून येते. यातले बरोबर काय? पक्षाच्या सोयीने मतदारसंघ आखण्याला, म्हणजे 'जेरीमँडरिंग'ला, मराठी शब्द आहे का? आणि आमदार राज्य सोडून गेले, त्याला 'सभात्याग' म्हणता येईल का?

'परिसीमन' इथे टाळावे, असे मला ठामपणे वाटते. हा शब्द आपल्याकडे कायद्याच्या भाषेतून आणि हिंदीच्या वाटेने आला. मराठी कानाला 'परिसीमा' ओळखीची आहे ती 'क्रौर्याची परिसीमा' अशा वापरातून, म्हणजे टोक या अर्थाने. पण खरी अडचण अर्थाची आहे. भारतात परिसीमन म्हटले की कोणत्या राज्याला लोकसभेच्या किती जागा, हा प्रश्न आधी डोळ्यांपुढे येतो. 1976च्या 42व्या घटनादुरुस्तीने तो गोठवला आणि दक्षिणेतल्या राज्यांची काळजी त्याच्याशीच जोडलेली आहे. अमेरिकेत जागांचे वाटप आणि रेषा आखणे ही दोन वेगळी कामे आहेत. 2020च्या जनगणनेनंतर टेक्सासला प्रतिनिधिगृहात 38 जागा मिळाल्या, आणि या भांडणानंतरही त्या 38च राहिल्या. बदलल्या त्या फक्त आतल्या रेषा. शिवाय आपल्याकडे हे काम आयोग करतो, तिथे बहुतेक राज्यांत खुद्द विधिमंडळच करते. 'परिसीमन' वाचणाऱ्या मराठी माणसाला यातले काहीच कळत नाही, उलट नसलेला आयोग डोळ्यांपुढे उभा राहतो.

'सीमांकन' चूक नाही, पण त्याला जमिनीचा आणि देशांच्या सरहद्दीचा वास आहे. 'प्रभागरचना' पालिकेपुरती. उरते 'पुनर्रचना'. राज्य पुनर्रचनेमुळे 1956पासून हा शब्द घराघरांत गेलेला आहे, म्हणून बातमीसाठी मी तोच घेईन. मात्र तो 'पुर्नरचना' असा लिहू नये. रफार 'न'वर नाही, 'र'वर आहे: पुनर् अधिक रचना. संस्कृतचा नियम काटेकोर लावला तर 'र्'पुढे 'र' आल्यावर पहिला लोपतो आणि आधीचा स्वर दीर्घ होतो. 'नीरस', 'नीरोग' असेच झाले. त्या हिशेबाने 'पुनारचना' व्हायला हवे होते. मराठीने ते मानले नाही, आणि दोन्ही 'र' ऐकू येणारे 'पुनर्रचना'च रुळले ते छान झाले.

आता जेरीमँडरिंग. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी 1812मध्ये आपल्या पक्षाच्या सोयीच्या नकाशावर सही केली. एसेक्स परगण्यातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता की बॉस्टनच्या एका वृत्तपत्राने त्याला पंख आणि नख्या काढून सॅलमँडर या पालीसारख्या उभयचराचे रूप दिले. गेरी अधिक सॅलमँडर, असा तो शब्द. त्यांच्या आडनावातला उच्चार 'ग' होता, शब्दात मात्र 'ज' झाला.

मराठीत यासाठी नवा शब्द घडवायची गरज नाही. पालिका निवडणुकीच्या तोंडावर कार्यकर्ते म्हणतात, 'आमचा वॉर्ड फोडला', 'प्रभागांची मोडतोड केली'. हीच ती क्रिया. तिच्या दोन्ही युक्त्याही आपल्या 'एकगठ्ठा मते' या शब्दप्रयोगातून नेमक्या सांगता येतात. विरोधकांचा गठ्ठा फोडून चार मतदारसंघांत विखरायचा, म्हणजे तो कुठेच पुरत नाही. किंवा त्यांचे सगळे मतदार एकाच गठ्ठ्यात कोंबायचे, म्हणजे ती एक जागा त्यांना प्रचंड फरकाने मिळते आणि आजूबाजूच्या हातच्या जातात. मला 'बांध कोरणे' हाही वाक्प्रचार मोहात पाडतो. दरवर्षी नांगरताना शेजाऱ्याचा बांध वीतभर आत सरकवायचा, हे गावाकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पण बांध कोरणारा जमीन घेतो, इथे माणसे हलवली जातात. म्हणून मी 'मतदारसंघांची मोडतोड' यालाच पहिली पसंती देईन.

मग टेक्सासमध्ये जे झाले ते पुनर्रचना की मोडतोड? जनगणना दहा वर्षांनी होते आणि नकाशा त्यानंतर बदलायचा असतो. इथे तो मध्येच, 2026च्या निवडणुकीवर डोळा ठेवून, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आणखी पाच जागांची मागणी केल्यावर, खास अधिवेशन बोलावून बदलला. रिपब्लिकनांकडे 38पैकी 25 जागा होत्या. कायदा रीतसर झाला, 29 ऑगस्टला गव्हर्नर ॲबट यांची सहीही झाली, म्हणून बातमीत 'पुनर्रचना'. हेतूविषयी लिहिताना मात्र 'मोडतोड' हाच शब्द प्रामाणिक आहे. कॅलिफोर्नियाने डेमोक्रॅटांच्या फायद्यासाठी आपला नकाशा बदलून दिलेल्या उत्तरालाही तोच लावावा, जरी तिथे नोव्हेंबरमध्ये जनतेने मत देऊन त्याला मान्यता दिली असली तरी. शब्द पक्ष बघून बदलला तर त्याचा उपयोगच संपतो. इंडियानात तर रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटनेच डिसेंबरमध्ये असा नकाशा 31 विरुद्ध 19 मतांनी फेटाळला.

'सभात्याग' मात्र नको. सभात्याग करणारा निषेध नोंदवून दाराबाहेर जातो, सभा मागे चालूच राहते. टेक्सासच्या 150 जणांच्या सभागृहात कामकाजाला दोन तृतीयांश सदस्य हजर लागतात. पन्नासहून अधिक डेमोक्रॅट ऑगस्टच्या सुरुवातीला इलिनॉय वगैरे राज्यांत निघून गेले, ते सभा चालूच नये म्हणून. गैरहजेरीबद्दल दिवसाला 500 डॉलर दंड असूनही ते सुमारे दोन आठवडे बाहेर राहिले. याला 'गणपूर्ती मोडणे' म्हणावे. 'गणसंख्येअभावी सभा तहकूब' ही ओळ सोसायटीच्या सूचनाफलकावर प्रत्येकाने वाचलेली असते, तेव्हा वाचकाला अडचण येणार नाही.