रिक्कात एवढी गर्दी कशाला?

प्रश्न : ताई, मी इकेबानाच्या, म्हणजे जपानी पुष्परचनेच्या, प्राथमिक वर्गाला जाते. तिथे शिकवलं, की तीन काड्या पुरतात : आकाश, माणूस आणि पृथ्वी. बाकी मोकळी जागा. परवा एका जपानी कॅलेंडरवर 'रिक्का' नावाची रचना पाहिली. पाइनच्या फांद्या, पानं, फुलं, सगळं ठासून भरलेलं! हे इकेबानाच का? आणि त्यातल्या प्रत्येक फुलाचा अर्थ काय असतो? (एक वाचक, सांगली)

उत्तर : इकेबानाच आहे, आणि वयानं तुमच्या तीन काड्यांपेक्षा मोठं आहे. थोडकं आणि मोकळं म्हणजेच इकेबाना, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट बसली आहे, की रिक्का पाहिलं की लोकांना कुणीतरी इकेबाना बिघडवल्यासारखं वाटतं. घडलं ते उलट. आधी ही भरगच्च, कडक शिस्तीची रचना झाली. ती घरच्या लहानशा कोनाड्यात मावेना, हौशी माणसाला झेपेना, म्हणून अठराव्या शतकात 'शोका' हा आटोपशीर प्रकार रूढ झाला. तुमची आकाश-माणूस-पृथ्वी ही त्रयी त्या शोकाची.

सुरुवात देवापुढे झाली. बुद्धाच्या मूर्तीसमोर धूपदाणी, मेणबत्तीची ठाणवई आणि फुलदाणी अशा तीन वस्तू मांडायची रीत होती. क्योतो शहराच्या मधोमध रोक्काकुदो नावाचं षट्कोनी मंदिर आहे. तिथली देवता कान्नोन, म्हणजे आपल्याकडून तिकडे गेलेला अवलोकितेश्वर. त्याला फुलं वाहण्याचं काम तळ्याकाठी राहणाऱ्या पुजाऱ्यांकडे होतं, तेच इकेनोबो घराणं. इ.स. 607 मध्ये चीनच्या दरबारी वकील म्हणून गेलेला ओनो नो इमोको हा आपला मूळ पुरुष, असं घराण्याची परंपरा सांगते. ती परंपरा म्हणूनच ऐकावी. कागदावरचा भक्कम पुरावा येतो तो 1462 सालचा. एका झेन भिक्षूनं रोजनिशीत नोंदवलंय, की इकेनोबो सेन्केई यानं एका सामुराईच्या घरी सोन्याच्या फुलदाणीत काही डझन फुलं-फांद्या उभ्या केल्या आणि क्योतोतले शौकीन ते बघायला लोटले. म्हणजे तोवर देवापुढचं फूल पाहुण्यांपुढे आलं होतं. पुढे पाचच वर्षांत ओनिनचं युद्ध पेटलं आणि निम्मंअधिक क्योतो जळून गेलं, तरी ही कला टिकली.

तिला विचार दिला याच घराण्यातल्या इकेनोबो सेन्नो यानं. 1542 च्या त्याच्या शिकवणीत म्हटलंय, की नुसतं सुंदर फूल बघणं वेगळं आणि हे वेगळं. थोडंसं पाणी आणि एखादी फांदी यांतून कोसच्या कोस पसरलेले डोंगर-नद्या दाखवता येतात, वाळकी फांदीसुद्धा चालते. रिक्का समजायला मला हे एवढं पुरलं. फुलदाणीत गुच्छ नाही, मुलूख उभा करायचाय. मग गर्दी होणारच.

आता तुमचा अर्थाचा प्रश्न. गुलाब म्हणजे प्रेम, लिली म्हणजे पावित्र्य असा कोश हातात घेऊन रिक्का वाचायला बसलात, तर फार काही हाती लागणार नाही. पाइन दीर्घायुष्याचा, सणासुदीला मानाचा, असे काही संकेत आहेत. पण इथे अर्थ मुख्यतः जागेला असतो. आपण पान वाढतो तेव्हा मीठ, लिंबू, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे. आज भेंडी, उद्या पडवळ, पण जागा तीच. तसंच हे.

रिक्काच्या शास्त्रोक्त रूपात नऊ जागा असतात (आधी त्या सातच धरत). मधोमध सगळ्यांत उंच तो 'शिन'. तो एकतर सरळ उभा राहतो, नाहीतर मध्येच बाजूला झुकून शेंडा पुन्हा बुंध्याच्या रेषेवर आणतो. ही दुसरी तऱ्हा मला जास्त आवडते, कारण वाऱ्याशी झगडून वाढलेलं झाड दिसतं. त्याच्या पुढ्यात ताठ 'शोशिन'. शिनला साथ देणारा 'सोए', आणि विरुद्ध बाजूनं त्याचा तोल झेलणारा 'उके'. मागून वर डोकावणारा 'मिकोशी', म्हणजे दूरचा देखावा. खाली आडवा लांब गेलेला 'नागाशी', वाहत्या प्रवाहासारखा, आणि त्याला आवर घालणारा 'हिकाए'. पोटाशी दाट भरलेला 'दो'. अगदी पुढे, पाण्यालगत 'माएओकी'. डोंगराचं शिखर, धबधबा, टेकड्या, पायथा, वस्ती असं हे वरून खाली वाचायचं. एक बाजू उन्हाची, दुसरी सावलीची. अभ्यासक या डोंगराचं नातं मेरू पर्वताशीही जोडतात. तो आपल्याला काही नवा नाही.

पण नवख्या डोळ्याला न दिसणारी गोष्ट आहे ती तळाशी. एवढ्या फांद्या असूनही फुलदाणीच्या तोंडाशी त्या सगळ्या मिळून एकच खोड वाटल्या पाहिजेत. पाण्यातून एक झाड उगवलंय, असं. क्योतोत मी ज्या बाईंकडे शिकले, त्या वर्गात शिरल्यावर आधी वाकून ही जागा बघत. ती पसरलेली दिसली, की वरचं कितीही देखणं असो, सगळं उपसायला लावत. यासाठी फुलदाणीत भाताच्या पेंढ्याच्या घट्ट बांधलेल्या जुड्या ठासतात आणि काड्या त्यांत रोवतात. तुमच्या वर्गातली काट्यांची ताटली, केन्झान, खूप नंतरची. आखूड फांदीला खालून पाय जोडतात, तारेनं वळण देतात, वर राहणाऱ्या फुलाला पाण्याची बारीक नळी लावतात. 'निसर्ग जसाच्या तसा' म्हणणाऱ्यांनी एकदा रिक्काच्या मागच्या बाजूला जाऊन बघावं!

या कलेची मिरवणूकही थोडी ऐका. 1594 मध्ये हिदेयोशी हा जपानचा सत्ताधीश माएदा तोशिइए या सरदाराकडे पाहुणा आला, तेव्हा इकेनोबो घराण्याचा प्रमुख, पहिला सेन्को, यानं सुमारे सात मीटर रुंदीची रचना केली. मागच्या चित्रांत माकडं होती. ती पाइनच्या खऱ्या फांद्यांवर बसल्यासारखी दिसावीत, अशी योजना. मला हे जरा दिखाऊ वाटतं, पण पाहुणाही तसाच होता. त्याच नावाचा पुढचा प्रमुख, दुसरा सेन्को, मात्र खरा मोठा. 1629 साली सम्राट गो-मिझुनोओ यानं राजवाड्यात रिक्काच्या बैठकांचा सपाटाच लावला, आणि त्यांत पारख करायला हा सेन्को. रिक्काला पूर्णत्व आलं ते याच्या काळात. त्याच वर्षाच्या शेवटी सम्राटानं शोगुनशाहीला, म्हणजे खरी सत्ता हाती असलेल्या लष्करी राजवटीला, कंटाळून गादी सोडली.

फुलाचा अर्थ हवाच असेल, तर कमळाचं रिक्का शोधा. एकाच जातीचं रिक्का करायची परवानगी मोजक्याच झाडाफुलांना आहे. कमळ त्यांतलं एक. त्यात सुकलेलं पान आणि बोंड हा भूतकाळ, उमललेलं फूल आणि पसरलेलं पान हा वर्तमान, आणि कळी व गुंडाळलेलं कोवळं पान हा भविष्यकाळ.

प्रश्न : पाइन नाही, तर महाराष्ट्रात रिक्का करताच येणार नाही का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : येईल. 1999 मध्ये घराण्याचे 45 वे प्रमुख इकेनोबो सेन्एई यांनी 'रिक्का शिंपुताई' हे नवं रूप आणलं. त्यात नऊ जागांची सक्ती नाही. 'शू' आणि 'यो' असे दोन मुख्य भाग, बाकी साथीला. परदेशी झाडंही चालतात. करवंदाची फांदी, लव्हाळं, सोनकी घेऊन बसा. जुन्या रूपाला मात्र गुरूशिवाय हात घालू नका.

प्रश्न : नोव्हेंबरात क्योतोला जातोय. खरं रिक्का कुठे दिसेल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : महिना छान निवडलात. इकेनोबोचं मोठं वार्षिक प्रदर्शन क्योतोत नोव्हेंबरातच भरतं. तारखा आधी बघून ठेवा. कारासुमा ओइके स्थानकावर उतरा, रोक्काकुदो चालत जाण्याजोगं आहे. शेजारी घराण्याचं मुख्यालय आहे, आणि लगतच्या इमारतीच्या काचेच्या लिफ्टमधून मंदिराचं षट्कोनी छप्पर वरून दिसतं. रिक्का समोरून बघायचं असतं, तेव्हा फोटो बाजूनं काढू नका, आणि आधी तळ बघा.