आजोबांच्या नावाची वीट दिल्लीच्या नॅशनल वॉर मेमोरियलमध्ये कशी शोधायची?

तुमचा प्रश्न वाचला. आईचे वडील 1965 च्या लढाईत गेले, घरात एक फोटो आणि एक मेडल एवढंच शिल्लक आहे, पुढच्या महिन्यात आईला घेऊन दिल्लीला जाताय आणि इतक्या हजारो नावांतून ती एक वीट शोधायची कशी. मी मूळची साताऱ्याकडची, लग्नानंतर दिल्लीत आले ती इथलीच झाले, आणि 2019 मध्ये हे स्मारक उघडल्यापासून गावाकडचं कुणी ना कुणी येतच असतं, त्यांना घेऊन जायचं काम माझ्याकडेच असतं. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, इंडिया गेटवर शोधत बसू नका. बऱ्याच जणांची हीच गडबड होते. पहिल्यांदा पाहुणे घेऊन गेले तेव्हा आम्हीसुद्धा तिथेच माना वर करून तासभर नावं वाचत उभे होतो. इंडिया गेटवरची नावं पहिल्या महायुद्धातली आणि त्यानंतरच्या अफगाण लढाईतली आहेत, म्हणजे इंग्रजांच्या काळातली. 1947 नंतरच्या लढायांमधले जवान बाजूच्या नॅशनल वॉर मेमोरियलमध्ये आहेत, तिथून चालत जाण्याइतकं जवळ. अमर जवान ज्योतसुद्धा जानेवारी 2022 पासून तिकडेच आहे, त्यामुळे आईला लहानपणी फोटोत पाहिलेली ज्योत बघायची असेल तर तीही तिथेच.

आत गोलात गोल अशी रचना आहे. मध्ये अमर चक्र, तिथे उंच स्तंभ आणि ज्योत. भोवती वीरता चक्र, तिथली ब्राँझची सहा मोठी भित्तिचित्रं आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी केलेली आहेत. त्याच्या बाहेर त्याग चक्र, तुम्हाला जायचंय ते इथे. चक्रव्यूहासारख्या 16 भिंती आहेत, त्यांवर ग्रॅनाइटच्या विटा, एका जवानाला एक वीट, नाव सोनेरी अक्षरात. उद्घाटनाच्या वेळी 25,942 नावं होती, नंतर भर पडत गेली. नुसतं फिरत फिरत वाचून नाव सापडणार नाही, दिवस जाईल आणि आई थकून जाईल.

म्हणून खरं काम घरी करायचं. ते मेडल काढा आणि त्याची कड बघा. पुढची मागची बाजू नाही, कड, नाण्याला असते तशी. तिथे बारीक अक्षरात जवानाचा फौजेतला नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. 65 च्या लोकांना रक्षा मेडल आणि समर सेवा स्टार मिळालेत, स्टार असेल तर त्याला गोल कड नसते, मग मागे बघायचं. काळं पडलं असेल तर घासू नका प्लीज, पितांबरी वगैरे अजिबात नको, मऊ कापडाने पुसा, खिडकीपाशी तिरपं धरा आणि मोबाइलने फोटो काढून झूम करा, अक्षरं दिसतात. आमच्या एका पाहुण्यांच्या घरी ते मेडल देव्हाऱ्यात होतं, पन्नास वर्षं रोज हळदकुंकू वाहिलेलं, कडेवर नंबर आहे हे कुणालाच माहीत नव्हतं!

मेडल वाचता आलं नाही तर आजीच्या फॅमिली पेन्शनचे कागद शोधा, पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, नंबर असतो. तेही नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, किंवा ज्या पलटणीत होते तिच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोड कँपला. मात्र उत्तर यायला वेळ लागतो त्यामुळे आजच सुरुवात करा.

नंबर इतका का लागतो तर नावाचा भरवसा नाही. शिंदे, जाधव, पाटील, पवार किती असतील तुम्हीच विचार करा. आणि स्पेलिंग! भरतीच्या वेळी कारकुनाने जसं कानावर पडलं तसं इंग्रजीत लिहिलं, कधी आडनाव गळलं, कधी नावाला राव चिकटला, कधी बापाचं नाव हेच आडनाव झालं. घरी आपण ज्या नावाने ओळखतो ते फौजेच्या कागदावर तसंच असेल असं नाही. स्मारकाच्या सरकारी वेबसाइटवर नाव शोधता येतं, तिथे घरबसल्या तीनचार स्पेलिंगं टाकून बघा, नुसतं पहिलं नाव टाकून बघा, आणि जो सापडेल त्याचा नंबर तुमच्या नंबरशी जुळवा. स्मारकात टचस्क्रीन आहेत, तिथे ड्यूटीवर असलेल्या जवानांना विचारलं तरी ते मदत करतात, माझा अनुभव फार चांगला आहे, फौजेतल्या माणसाच्या घरचे आलेत म्हटल्यावर ते आपुलकीने बोलतात.

हे वेबसाइटचं आधी करा म्हणतेय त्याला कारण आहे. लढाईत किंवा लष्करी कारवाईत गेलेल्यांचीच नावं या भिंतींवर आहेत. ड्यूटीवर असताना आजाराने किंवा साध्या अपघातात गेलेला जवान इथे नसतो. घरच्यांना ते माहीत नसतं, त्यांच्यासाठी तो मिल्ट्रीत गेला आणि परत आला नाही एवढंच खरं असतं. असं एक कुटुंब माझ्यासोबत सगळ्या भिंती फिरून रिकाम्या हाताने परत गेलंय, त्या घरातल्या मुलाचं तोंड मला अजून आठवतं. सीआरपीएफ, बीएसएफ, पोलीस यांच्यासाठी चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारक वेगळं आहे, 26/11 मध्ये गेलेल्या तुकाराम ओंबळ्यांना शोधत लोक वॉर मेमोरियलला येतात, पण ते पोलीस दलातले. आणि परमवीर चक्रवाल्यांचे 21 अर्धपुतळे परम योद्धा स्थळावर आहेत, तिथे आपले रामा राघोबा राणेही दिसतील, पण त्यांची वीट शोधू नका, ते लढाईतून जिवंत परतले आणि 1994 मध्ये गेले.

आता माझं कळकळीचं सांगणं. आईला पहिल्याच फेरीत नेऊ नका. सकाळी लवकर तुम्ही एकटे जा, प्रवेशाला पैसे लागत नाहीत, वीट शोधा, कुठल्या भिंतीवर, जमिनीपासून किती उंच, कुठून चालत यायचं हे सगळं बघून ठेवा, फोटो काढा. मग दुसऱ्या दिवशी आईला थेट त्या भिंतीपाशी न्या. सगळं उघड्यावर आहे, उन्हात दगड तापतो, सोनेरी अक्षरांवर ऊन चमकलं की वाचताही येत नाही, म्हणून सकाळ किंवा ऊन उतरल्यावर. पाणी आणि आईचा चष्मा सोबत ठेवा.

हे मी कोरेगाव तालुक्यातल्या एका आजींमुळे शिकले. नवरा 71 च्या लढाईत पूर्वेकडच्या आघाडीवर शहीद झाला तेव्हा त्या वीस वर्षांच्या असतील नसतील. त्याच नावाचे बरेच निघाले, त्यांचा नातू आणि मी स्क्रीनसमोर घामाघूम. नातू म्हणाला नंबर कुणाला माहीत असणार, आणि मागे बाकावर बसलेल्या आजींनी डोळे मिटून नंबर म्हणून दाखवला, अख्खा, न अडखळता. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण पेन्शनच्या प्रत्येक फॉर्मवर, बँकेतल्या प्रत्येक साहेबाला चाळीस वर्षं तो नंबर सांगितलेला. त्यावरून वीट मिळाली. पण ती त्यांच्या डोक्याच्या वर होती, हात पुरेना, आणि तोवर उन्हात दोन तास गेलेले. नातवाने त्यांचा हात धरून वर केला, बोटांची टोकं जेमतेम टेकली. त्या मला म्हणाल्या, "ह्यात त्यांचं पयलं अक्षर कुठलं?" मी दाखवलं. मग शेजारच्या विटेवर कोण आहे विचारलं, त्याच्या शेजारी कोण, एकेक नाव माझ्याकडून वाचून घेतलं. नातवाला गाडीची घाई होती, चार वाजता निघावं लागलं. आजी गेटपर्यंत मागे वळून बघत होत्या.

त्यांना संध्याकाळपर्यंत थांबता आलं असतं तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. रोज सूर्यास्ताच्या सुमारास एका जवानाच्या घरच्यांना बोलावून त्यांच्या हातून पुष्पचक्र वाहिलं जातं, बँड असतो. तुमच्या आईला तो मान मिळू शकतो का हे सैनिक कल्याण कार्यालयात आणि रेकॉर्ड ऑफिसमध्ये आत्ताच विचारा, नंबर हातात असला की विचारणं सोपं जातं. नाही जमलं तरी नुसतं बघायला थांबाच. आणि परतीचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका.