दंडाचा घेर आणि दोन टी-शर्ट

प्रश्न : वय २४, उंची ५ फूट ७ इंच, वजन ६८ किलो. तीन वर्षं जिम करतोय, दंड १४ इंच आहे. तरी शर्टात मी काटकुळाच दिसतो असं वाटतं, म्हणून भर उन्हाळ्यातही आत एक टी-शर्ट घालतो. लग्नाच्या पंगतीला बसत नाही, घरचा डबा नेतो. ट्रेनर म्हणतो, आता नॅचरल वाढ संपली, एक सायकल मार : आठवड्याला ५०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनची (पुरुषी हार्मोन) इंजेक्शनं, बारा आठवडे. मारू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. निरोगी पुरुषाचं शरीर दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवतं, म्हणजे आठवड्याला पन्नासच्या आत-बाहेर. बाहेरून इतकं ओतलं की मेंदू वृषणांना निरोप पाठवणंच थांबवतो. वृषणं आकसतात, शुक्रजंतू शून्यावरही येऊ शकतात. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनपैकी काहीचं इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन, होतं आणि छातीत गाठ धरते. ती जुनी झाली की इंजेक्शन थांबवूनही जात नाही, शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. रक्त घट्ट होतं, चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं.

खरा सापळा सायकल संपल्यावरचा. शरीराचं स्वतःचं उत्पादन पूर्ववत व्हायला काही महिने, कुणाला वर्षाहून जास्त लागतं. त्या काळात कमावलेलं अंग उतरतं, मन खचतं, कामेच्छा जाते. मग ट्रेनर दुसरी सायकल सुचवतो. ज्यांनी आधीच घेतलं आहे त्यांनी डॉक्टरांपासून लपवू नये. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिपिड (रक्तातली चरबी), यकृताच्या चाचण्या, आणि सकाळी दहाच्या आत टेस्टोस्टेरॉन, तसंच मेंदूकडून वृषणांना निरोप नेणारे एलएच, एफएसएच हे हार्मोन तपासावेत. मूल हवं असेल तर वीर्यतपासणीही.

वाढ संपली हेही पटत नाही. तीन वर्षांनंतर ती मंदावते, वर्षाला एखाद-दोन किलो स्नायू मिळाले तरी पुष्कळ. तुमच्या वजनाला रोज ११० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात : ५० ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्या (२६), चार अंडी (२४), अर्धा लिटर दूध (१६) आणि १५० ग्रॅम शिजलेलं चिकन (४० च्या घरात) एवढ्यात ती होतात. वाटीभर वरणातून जेमतेम सात-आठ ग्रॅम मिळतात, इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. क्रिएटिन (स्नायूंना ताकद देणारी पूरक पावडर) रोज ३ ते ५ ग्रॅम चालेल, मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर. पहिल्या पंधरवड्यात किलोभर वाढतं ते पाणी असतं, हुरळून जाऊ नका.

पण तुमच्या पत्रात आम्हाला दंडापेक्षा तो आतला टी-शर्ट आणि डबा जास्त खुपला. १४ इंची दंडाचा माणूस काटकुळा नसतो. मोजमाप एक सांगतं आणि डोळ्याला दुसरं दिसतं, त्यापायी कपडे, जेवण, माणसं टाळली जातात, याला मसल डिस्मॉर्फिया म्हणतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये याचं वर्णन केलं. यावर उपचार आहेत, आणि त्यात दंड वाढवणं येत नाही.

टेप चार आठवड्यांतून एकदाच लावायची : सकाळी, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या मधोमध, हात सैल सोडून. आरसा दाढी-भांगापुरता. मग एकाच शर्टात किराण्याच्या दुकानात किमान दहा मिनिटं. निघण्यापूर्वी लिहा, किती जण काही बोलतील. परतल्यावर लिहा, किती बोलले. धाकधूक निम्म्यावर येईपर्यंत तिथून हलायचं नाही. हे जमलं की तासभर, मग पंगत, डब्याशिवाय. यात हमखास एक लबाडी होते : व्यायाम करून दंड फुगलेले असतानाच लोक बाहेर पडतात. मग शिकायला मिळतं एवढंच की फुगलेले दंड चालतात. आरामाच्या दिवशी जा.

दिवसातला तासाहून जास्त वेळ याच विचारात जात असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे आणि मराठीतही बोलतात.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा. स्तनाग्राखाली दोन्हीकडे गोटीसारखं लागतं, दुखतं. पोहणं सोडलं. जोर मारायला लावू का?
– एक आई, नागपूर

उत्तर : नको, ताई. ती चरबी नाही, ग्रंथी आहे. जोरांनी ती विरघळत नाही, उलट छाती पुढे येते आणि पोर आणखी हिरमुसतं. वयात येणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांना हे होतं आणि बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जातं. एकाच बाजूला कडक गाठ, स्राव, वृषणात सूज, किंवा सतराव्या वर्षानंतरही टिकलं, तर डॉक्टरांना दाखवा. तोवर पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट आणून द्या, प्रशिक्षकांना आधी कल्पना द्या, आणि घरात कुणी गमतीनेही त्याच्या छातीवरून बोलणार नाही एवढं बघा. काका-मामांना हे वेगळं सांगावं लागतं.