प्रश्नोत्तरे : चेहरा ओळखू येईना, कोणाला दाखवू?

चेहरा ओळखता आला नाही की ‘विसराळूपणा’ म्हणून मोकळे होणारी पत्रे याही वेळी सर्वांत जास्त. त्यातली निवडक घेतो.

प्रश्न : ओल आलेल्या चिऱ्यांच्या भिंतीत मला माणसांची तोंडे दिसतात. हा आजार का? (डिचोली)
उत्तर : नाही. दोन डाग आणि खाली एक रेघ मिळाली की मेंदू चेहरा जुळवतोच. तोंडे बोलू लागली तर डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : कळंगुटला माझा शॅक आहे. परदेशी गिऱ्हाइके सगळी सारखीच दिसतात, बिल भलत्याच टेबलावर जाते.
उत्तर : तान्हेपणापासून ज्या तऱ्हेचे चेहरे भोवती असतात, त्यांतलेच बारीक फरक टिपायला मेंदू सरावतो. त्या गिऱ्हाइकांनाही तुमचे वेटर सारखेच दिसत असणार. टेबलाचा नंबर लिहीत जा.

प्रश्न : सासरे (७१) आठवडाभर आम्हाला ओळखत नाहीत, पण बोललो की आवाजावरून नाव घेतात. ताटात डावीकडचे हुमण तसेच राहते, दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटतो. हातपाय ठीक. शेजारी म्हणतात, वयोमान. कौल लावला, डोक्याला तेल चालू आहे. (फोंडा)
उत्तर : तुम्हाला फोनवर सांगितलेच; हे इतरांसाठी. आवाजावरून नाव आठवते, म्हणजे आठवण शाबूत आहे, बिघाड पाहण्याच्या वाटेत आहे. चेहरे ओळखण्याचे काम मुख्यतः मेंदूच्या तळाकडच्या मागच्या भागात, बहुतेकांत उजवीकडे जास्त, चालते. तिथला रक्तपुरवठा अचानक तुटला, म्हणजे पक्षाघाताचा झटका आला, तर तोंड वाकडे होईलच, हात लुळा पडेलच असे नाही, आणि म्हणूनच घरचे निवांत बसतात. डावीकडचे दिसेनासे होणे हीदेखील त्याचीच खूण. वयोमानाने माणूस एका रात्रीत सुनेचा चेहरा विसरत नाही, हे शेजाऱ्यांना कोणी सांगावे! रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅन करून. रक्तस्राव असेल तर तेच घातक. तुम्ही ती वेळ तेलात घालवली. तरी आजच न्या, कारण दुसऱ्या झटक्याचा धोका पहिल्या काही दिवसांतच जास्त असतो. असे कोणालाही झाले तर लगेच १०८ ला फोन करा, ते योग्य इस्पितळात नेतील. कौल मागाहून लावा, देव रागावणार नाही.

प्रश्न : मुलगा (११) गणवेशातल्या वर्गमित्रांना चेहऱ्यावरून कधीच ओळखत आला नाही, चाल आणि दप्तर बघून ओळखतो. एक क्लास ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ने बरे करतो म्हणे. फी भरू? (म्हापसा)
उत्तर : भरू नका. डोळ्यांना पट्टी बांधून वाचून दाखवणाऱ्यांचा हा धंदा, त्याचा चेहऱ्यांशी काडीचा संबंध नाही. असा जन्मजात त्रास शंभरात एखाद-दोघांना असतो, मुले हुशार असतात. औषध नाही. वर्गशिक्षकांना कल्पना द्या, मित्रांना आधी नाव सांगायला लावा. आधी डोळे तपासा, मग न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.

प्रश्न : बोटीवरून सात महिन्यांनी आलो, तर दहा महिन्यांची लेक मला बघून रडते. दाढी काढू? (चिंचिणी)
उत्तर : काढा वा ठेवा. या वयात अनोळखी चेहऱ्याला मुले रडतातच. थोडे दिवस आईच्या मांडीवर असतानाच तिच्याशी बोला. इतर सगळ्यांकडेही बघत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.